पोत्सुओली: वरखाली होणाऱ्या जमिनीची मोजणी

नेपल्सच्या पश्चिमेला, पोत्सुओलीच्या आखाताभोवती काम्पी फ्लेग्रेई हा ज्वालामुखी प्रदेश पसरला आहे. व्हेसुव्हिअससारखा नजरेत भरणारा डोंगर येथे नाही. आहे तो १२ ते १५ किलोमीटर रुंदीचा कॅल्डेरा, म्हणजे भूगर्भातला शिलारस प्रचंड प्रमाणात बाहेर फेकला गेल्यावर वरचे छत खचून तयार झालेला खोलगट भाग. असा महाउद्रेक येथे सुमारे ४०,००० वर्षांपूर्वी झाला आणि सुमारे १५,००० वर्षांपूर्वी पुन्हा एकदा. या खोलगट भागाचा जवळजवळ तिसरा हिस्सा समुद्राखाली आहे. उरलेल्या भागात लहानमोठी विवरे आहेत, गंधकाच्या वाफा सोडणारे सोल्फातारा आहे आणि त्यांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने वसलेली घरे, शाळा, रेल्वेमार्ग आहेत. शेवटचा उद्रेक १५३८ साली झाला, पण जमीन त्यानंतरही स्वस्थ बसलेली नाही. उद्रेक न होताही ती मीटरच्या हिशेबाने खचते आणि फुगते, तेही एका माणसाच्या हयातीत कळून यावे इतक्या वेगाने.

जमीन किती हलली हे सांगायला जवळपास न हलणारे काहीतरी असावे लागते. पोत्सुओलीत हे काम शतकानुशतके समुद्राने केले. कोकणात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत काही मीटरचा फरक पडतो. नेपल्सच्या आखातात तो अर्ध्या मीटरच्याही आत असतो. त्यामुळे धक्क्याच्या पायरीवर पाणी कुठे टेकते हे पाहूनही येथल्या माणसाला जमिनीची चाल ओळखता येते. आधुनिक उपकरणे येण्याच्या कितीतरी आधीपासून येथे मोजणी होत राहिली ती यामुळेच.

रोमन काळात या गावाचे नाव पुतेओली होते. रोमजवळ ओस्तियाला मोठे बंदर बांधले जाईपर्यंत इजिप्तचे धान्य मुख्यतः येथे उतरत असे. येथली ज्वालामुखी राख चुन्यात मिसळली तर तो पाण्याखालीही घट्ट होतो, हे रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हिअसने लिहून ठेवले आहे. आपल्याकडे सिमेंटच्या गोणीवर ‘पोर्टलंड पोझोलाना’ असे छापलेले असते, त्यातला दुसरा शब्द या गावाच्या नावावरून आला. याच मसाल्याने रोमनांनी समुद्रात धक्के, मत्स्यकुंडे आणि श्रीमंतांचे बंगले बांधले. त्यांतले बरेचसे आज पाण्याखाली आहे. अग्रिपाने इ. स. पू. ३७ च्या सुमारास उभारलेले पोर्तुस यूलिउस हे नाविक बंदर आणि बाइया येथील महालांच्या फरशा पाहायला आता पाणबुड्यांचा पोशाख घालून उतरावे लागते. २००२ पासून तो भाग संरक्षित सागरी पुरातत्त्व उद्यान आहे.

जमीन खचते आहे याची जाणीव रोमनांनाही असावी. गावच्या जुन्या बाजारपेठेच्या संगमरवरी फरशीखाली सुमारे दीड मीटरवर आणखी एक जुनी, नक्षीदार फरशी १८२८ च्या खोदकामात सापडली. पाणी आत येऊ लागले तेव्हा भर टाकून वर नवी फरशी घातली गेली, असाच तिचा अर्थ लावला जातो. मोजमाप कुणी लिहून ठेवले नसले तरी किनाऱ्यावरच्या लोकांनी खचण्याला दिलेले हे उत्तर बांधकामातच शिल्लक आहे.

त्यानंतर जमीन उलट दिशेने, म्हणजे वर येऊ लागल्याचा लेखी पुरावा कागदपत्रांत मिळतो, आणि तो महसुली स्वरूपाचा आहे. ऑक्टोबर १५०३ मध्ये फर्डिनांड आणि इसाबेला या राजदांपत्याने पोत्सुओलीला जमिनीचे एक दानपत्र दिले. समुद्र जिथे आटत चालला आहे ती जमीन, असे तिचे वर्णन त्यात आहे. १५११ मध्ये फर्डिनांडने अशाच उघड्या पडलेल्या जमिनीबद्दल दुसरा हुकूम काढला. नवी जमीन वर आली की तिची मालकी कुणाची हा प्रश्न आधी उभा राहतो आणि ती वर का आली हा नंतर. राजाच्या दफ्तराने आपल्या परीने योग्यच नोंद केली. १५३६ पासून भूकंप वाढले. सप्टेंबर १५३८ च्या अखेरीस दोन दिवसांत किनारा इतका वर उचलला गेला की समुद्र सुमारे २०० पावले मागे हटला आणि उघड्या पडलेल्या तळावरचे मासे लोकांनी वेचून नेले. २९ सप्टेंबरला त्रिपेर्गोले या गावाजवळ जमीन फाटली. आठवडाभरात तिथे १३३ मीटर उंचीची टेकडी उभी राहिली आणि गाव तिच्याखाली गाडले गेले. टेकडीला मोंते नुओव्हो, म्हणजे नवा डोंगर, असे नाव पडले. ६ ऑक्टोबरला उद्रेक थंडावल्यासारखा वाटून कुतूहलाने वर चढलेली २४ माणसे शेवटच्या स्फोटात मेली. मार्कान्तोनिओ देल्ली फाल्कोनी आणि प्येत्रो जाकोमो दा तोलेदो यांनी या घटनेचे वृत्तान्त लिहिले. पुढे सर विल्यम हॅमिल्टन यांनी त्यांना आपल्या १७७६ च्या ग्रंथात स्थान दिले. उद्रेकाआधी किनारा फुगला होता ही गोष्ट तिथे अगदी स्पष्ट लिहिलेली होती. तिचा अर्थ कळायला मात्र फार वेळ लागला.

१७५० मध्ये बुर्बोन राजा कार्लोस याच्या हुकमाने गावातल्या एका मळ्यात खोदकाम सुरू झाले. मातीत अर्धे बुडालेले तीन संगमरवरी खांब तिथे पूर्वीपासून दिसत होते. खोदताना सेरापिस या देवाची मूर्ती सापडल्यामुळे त्या जागेला ‘सेरापिसचे मंदिर’ म्हणू लागले. वास्तविक ती रोमन बाजारपेठ होती, पण जुने नाव अजून पुसलेले नाही. प्रत्येक खांब हिरवट पट्ट्यांच्या चिपोल्लिनो संगमरवराच्या एकाच दगडातून कोरलेला आणि सुमारे साडेबारा मीटर उंच आहे. खालचा साडेतीन मीटरचा भाग गुळगुळीत आणि धडधाकट आहे. त्याच्या वर सुमारे पावणेतीन मीटरचा एक पट्टा भोकाभोकांचा आहे. त्यानंतर पुन्हा साधा दगड. भोके पेरूच्या आकाराची आहेत, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद. अनेक भोकांच्या तळाशी ती पोखरणाऱ्या जीवाची शिंपलीही तशीच होती. हा लिथोफागा नावाचा जीव फक्त समुद्राच्या पाण्यात राहतो आणि चुनखडीचा दगड पोखरतो. खालचा भाग गाळात गाडला गेल्यामुळे वाचला, वरचा पाण्याबाहेर राहिल्यामुळे. म्हणजे हे खांब उभ्याउभ्या समुद्रात बुडाले आणि तसेच उभ्याउभ्या बाहेर आले. एवढी उलथापालथ होऊनही ते पडले नाहीत, हे त्यातले सर्वांत मोठे आश्चर्य.

या भोकांवरून पुढे शंभर वर्षे वाद झाला. जर्मन कवी गटे १७८७ मध्ये येथे येऊन गेला. समुद्र किंवा जमीन इतकी हलली असेल हे त्याला पटेना. राखेने अडलेल्या पाण्याचे तळे खांबांभोवती साचले आणि त्या तळ्यात हे जीव वाढले, असा तोडगा त्याने काढला. आज हे म्हणणे ओढूनताणून केलेले वाटते. त्या काळात ते सर्वांत कमी धाडसाचे होते.

प्रत्यक्ष मोजणीचे पहिले सलग काम अंतोनिओ निक्कोलिनी या वास्तुतज्ज्ञाने केले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रे काढण्यासाठी तो या अवशेषांत दिवसचे दिवस बसत असे. तेव्हा दक्षिणेचा वारा जोरात सुटला तरच फरशीवर पाणी येई. सुमारे १५ वर्षांनी तो परतला तेव्हा तीच फरशी रोज भरतीला भिजत होती. १८२२ पासून १८३८ पर्यंत तो फरशीवरच्या पाण्याची उंची मोजत राहिला. त्याचे आकडे सरळ होते आणि एकच गोष्ट सांगत होते: फरशी आणि समुद्र जवळ येत आहेत. त्यांतले हलते कोण, यावर मात्र निक्कोलिनीचा कौल समुद्राच्या बाजूने पडला. जमीन स्थिर आणि समुद्र चंचल, ही समजूत त्याच्याही मनात पक्की होती.

उत्तर सापडले ते शेजारच्या किनाऱ्यांकडे पाहिल्यावर. समुद्र सात मीटर वर चढला असता तर त्याच्या खुणा नेपल्सला, सॉरेंटोला, भूमध्य समुद्राच्या काठी सगळीकडे दिसायला हव्या होत्या. तशा त्या नव्हत्या. चार्ल्स लायेल १८२८ मध्ये येथे आला, आणि १८३० मध्ये त्याच्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’ या ग्रंथाचा पहिला खंड निघाला तेव्हा मुखपृष्ठामागे या तीन खांबांचे चित्र होते. मूळ चित्र आंद्रेआ दे योरिओ या पुरातत्त्वज्ञ धर्मगुरूच्या पुस्तकातले. जमीन सावकाश वरखाली होते आणि इतिहासकाळातही ती तशी झाली आहे, याचा एवढा सुटसुटीत पुरावा लायेलला दुसरीकडे मिळाला नसता. १८२८ मध्येच गणकयंत्रांचा जनक चार्ल्स बॅबेजही येथे येऊन गेला. त्याने खांबांवर साचलेले क्षारांचे थर आणि वेगवेगळ्या पाणपातळ्यांच्या खुणा बारकाईने तपासल्या. भूगर्भातली उष्णता वाढली की खडक प्रसरण पावून जमीन उचलली जाते आणि तो निवला की खचते, असा त्याचा निष्कर्ष होता. १८३४ मध्ये वाचलेला हा निबंध पूर्ण स्वरूपात छापून आला तो १८४७ मध्ये. लायेलने जमीन हलते हे सिद्ध केले. बॅबेजने ती का हलते याचे मोजता येण्याजोगे कारण सुचवले. या प्रकरणात बॅबेजचे श्रेय नेहमी कमी सांगितले जाते.

आज रेडिओकार्बन पद्धतीने शिंपल्यांचे वय काढल्यावर कळले आहे की खांब एकदा नव्हे तर किमान तीनदा त्या उंचीपर्यंत बुडाले: पाचव्या शतकात, मध्ययुगाच्या आरंभी आणि १५३८ च्या उद्रेकाआधीच्या काळात. लायेलला एकच फेरा दिसला होता.

या सावकाश हालचालीला १८८३ मध्ये आर्तूरो इस्सेल याने ‘ब्रॅडिसिझम’ हे नाव दिले. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९०५ चा. त्या वर्षी इटलीच्या लष्करी भूगोल संस्थेने या भागात अचूक लेव्हलिंग केले. इमारतींच्या भिंतींत आणि खडकांत धातूच्या खुंट्या, म्हणजे बेंचमार्क, पक्के बसवायचे. तिपाईवर पाणसळीत ठेवलेली दुर्बीण मधोमध मांडायची, मागे आणि पुढे आकडे कोरलेल्या उभ्या पट्ट्या धरायच्या, दोन्हींवरचे वाचन घेऊन वजाबाकी करायची. मग दुर्बीण पुढे न्यायची. असे पन्नाससाठ मीटरच्या पावलांनी मैलोन्‌मैल जायचे आणि शेवटी फेरा मूळ खुंटीवर आणून मिटवायचा. तिथे आकडा जुळला नाही तर कुठेतरी चूक झाली. या पद्धतीत समुद्राची गरज उरली नाही. कॅल्डेराबाहेरची, नेपल्सकडची खुंटी स्थिर धरली की झाले. १९०५, १९१९ आणि नंतरच्या मोजण्यांतून दिसले की पोत्सुओली वर्षाला साधारण दीड सेंटिमीटरने खचते आहे. खचणे हीच येथली रीत, असे मानून मोजणीच्या फेऱ्या विरळ होत गेल्या.

दरम्यान जपानमध्ये अशा आकड्यांतून जमिनीच्या पोटातले चित्र काढण्याची युक्ती सापडली होती. साकुराजिमाच्या १९१४ च्या उद्रेकानंतर फुसाकिची ओमोरीने भोवतालची जमीन खचल्याचे लेव्हलिंगने दाखवले. त्याच आकड्यांवर आणि हवाईतल्या किलाउएआच्या मोजणीवर कियो मोगीने १९५८ मध्ये एक सोपे गणित बसवले. काही किलोमीटर खोल, एका बिंदूएवढ्या जागेत दाब वाढला तर पृष्ठभाग कसा फुगेल, हे त्यातून कळते. उंचवटा जितका पसरट, तितके दाबाचे ठिकाण खोल. पोत्सुओलीचा उंचवटा गावच्या किनाऱ्यावर सर्वाधिक आणि पाच-सहा किलोमीटरवर जवळजवळ शून्य असतो. त्यावरून दाबाचे ठिकाण साधारण ३ ते ४ किलोमीटर खोल असावे, असा हिशेब निघतो.

१९६९ नंतर पाणी धक्क्यापासून खाली जाऊ लागले, इमारतींना तडे दिसू लागले, आणि नव्याने लेव्हलिंग केल्यावर जमीन उलट फिरल्याचे उघड झाले. २ मार्च १९७० रोजी समुद्रकाठच्या टेकाडावरची रिओने तेर्रा ही जुनी वस्ती लष्कर आणि पोलीस आणून एका दिवसात रिकामी करण्यात आली. सुमारे ३,००० माणसे हलवली गेली; बहुतेक कोळी, मजूर आणि छोटे दुकानदार. उद्रेक झाला नाही. १९७२ पर्यंत सुमारे १.७ मीटर उचलून जमीन थांबली. लोकांना परत येऊ दिले गेले नाही आणि वस्ती कित्येक दशके ओस राहिली. तो निर्णय ज्या मोजणीवर उभा होता ती फार तुटपुंजी होती. सलग नोंद करणारी उपकरणे जवळजवळ नव्हती, म्हणून घाबरणेही बरोबर की चूक हे ठरवता येत नव्हते. पोत्सुओलीत आजही सरकारी इशाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाते त्याचे एक मूळ त्या दिवसात आहे.

त्यातून धडा मात्र घेतला गेला. १८४१ मध्ये स्थापन झालेल्या व्हेसुव्हिअस वेधशाळेने भूकंपमापकांचे जाळे विणले, बंदरात पाणपातळी टिपणारी यंत्रे बसवली आणि लेव्हलिंगचे मार्ग वाढवले. पोत्सुओलीच्या यंत्राचा आकडा नेपल्सच्या आकड्यातून वजा केला की वारा, वायुदाब आणि भरती-ओहोटी निघून जातात आणि जमिनीची हालचाल तेवढी उरते. निक्कोलिनीला जे अडले ते या एका वजाबाकीने सुटले. १९८२ च्या मध्याला जमीन पुन्हा उठली तेव्हा ती पहिल्यापासून नजरेत होती. १९८४ च्या अखेरीपर्यंत ती सुमारे १.८ मीटर वर आली. सरासरी काढली तर दिवसाला दोन-अडीच मिलिमीटर. हजारो भूकंप झाले. ४ ऑक्टोबर १९८३ च्या ४.० क्षमतेच्या धक्क्यानंतर गावाच्या मध्यभागातून सुमारे ४०,००० लोक हलवले गेले आणि त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो हे नवे उपनगर बांधले गेले. बंदराचा धक्का पाण्यापासून इतका उंच झाला की बोटी लागेनात. त्याला खालच्या पातळीवर नवा धक्का जोडावा लागला. उद्रेक याही वेळी झाला नाही. पुढच्या वीस वर्षांत जमीन सुमारे ९० सेंटिमीटर खाली बसली.

या काळात मोजणीची साधने झपाट्याने बदलली. उपग्रहांवरून जागा सांगणारी जीपीएस केंद्रे पक्की बसवली गेली. त्यांपैकी रिओने तेर्राचे ‘रीते’ हे केंद्र उंचवट्याच्या माथ्यावर असल्याने त्याचाच आकडा बातम्यांत येतो. जमिनीचा कल टिपणारी कलमापके आली. आखाताच्या तळाशी दाबमापके आणि त्यांच्यावर तरंगते जीपीएस बोये ठेवले गेले, कारण कॅल्डेराचा समुद्राखालचा भाग तोवर कोराच होता. १९९१ मध्ये युरोपचा ईआरएस-१ हा रडार उपग्रह सोडला गेला. एकाच जागेच्या दोन वेळच्या रडार प्रतिमा एकावर एक ठेवल्या की लहरींच्या कलेतल्या फरकातून रंगीत कडी उमटतात. या उपग्रहांच्या लहरलांबीला प्रत्येक कडे म्हणजे सुमारे २.८ सेंटिमीटरची हालचाल. २००२ मध्ये नेपल्सच्याच संशोधकांनी अशा अनेक प्रतिमांची माळ लावून मिलिमीटरच्या पातळीवरची सलग हालचाल काढण्याची पद्धत मांडली, आणि तिची पहिली कसोटी काम्पी फ्लेग्रेईवर झाली. आता सेंटिनेल-१ उपग्रह काही दिवसांच्या अंतराने हा भाग पाहून जातात. लेव्हलिंग तरीही बंद झालेले नाही. उभ्या दिशेच्या अचूकतेत ते अजून हार जात नाही.

साधने इतकी बारीक झाली, पण मूळ प्रश्न जिथल्या तिथे आहे. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेली भाकरी वाफेने फुगते. पोत्सुओली कशाने फुगते? खोलवरून नवा शिलारस वर सरकतो म्हणून, की त्यातून सुटणारे वायू आणि तापलेले भूजल सच्छिद्र खडकांत साठून दाब वाढवतात म्हणून? उंचवट्याच्या आकारावरून दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. त्यासाठी गुरुत्वाकर्षणातला बारीक बदल मोजतात: काही भरले असेल तर वजन वाढेल. सोल्फाताराच्या वाफांत कार्बन डायऑक्साइड किती हेही सतत तपासले जाते. १९८२-८४ साठी शिलारसाचा वाटा मानणारे पुष्कळ आहेत. अलीकडच्या उचलीत वायूंचा वाटा मोठा मानणारेही आहेत. एकमत नाही.

अशा वेळी जुन्या वह्यांना नवे महत्त्व आले. २०१० मध्ये वेधशाळेच्या संशोधकांनी १९०५ पासूनची सगळी लेव्हलिंगची वाचने, बंदरातल्या पाणपातळीच्या नोंदी आणि जुनी छायाचित्रे पुन्हा तपासली. १९५० ते १९५२ दरम्यानही जमीन सुमारे ७० सेंटिमीटर उचलली होती आणि ती त्या वेळी कुणाच्या लक्षात आली नव्हती, हे त्यातून निघाले. २०१७ मध्ये किलबर्न, दे नाताले आणि कार्लिनो यांनी याच मालिकेवरून मांडले की १९५० पासूनच्या उचली सुट्या धरणे चूक आहे: प्रत्येक वेळी खडकावर पडलेला ताण पुढच्या वेळेसाठी शिल्लक राहतो. हे मान्य केले तर ‘दोनदा फुगून काही झाले नाही’ या युक्तिवादात दम उरत नाही.

२००५ पासून जमीन पुन्हा वर येत आहे आणि तिने १९८४ ची उंची ओलांडली आहे. डिसेंबर २०१२ मध्ये इशाऱ्याची पातळी हिरव्यावरून पिवळ्यावर नेली गेली. २० मे २०२४ ला ४.४ क्षमतेचा धक्का बसला, १३ मार्च आणि ३० जून २०२५ ला ४.६ क्षमतेचे. २००५ पासूनची एकूण उचल २०२५ मध्ये १.४ मीटरच्या आसपास पोचली होती. पोत्सुओलीच्या छोट्या गोदीत पाणी इतके कमी झाले आहे की कोळ्यांच्या होड्या चिखलात टेकतात. उद्रेक झाला तर सर्वांत आधी रिकाम्या करायच्या ‘लाल’ विभागात सुमारे पाच लाख लोक राहतात. त्यांना ७२ तासांत हलवण्याची योजना तयार आहे. रीते केंद्राच्या चालीचा आकडा, मिलिमीटर दर महिना या मापात, वेधशाळेच्या साप्ताहिक पत्रकात दर मंगळवारी प्रसिद्ध होतो.